रेखाटनाचा सराव आणि सहाध्यायी अभिप्राय

ठरावीक अभ्यास वारंवार करून आणि प्रत्येक अभ्यासानंतर बरोबरीने शिकणाऱ्यांकडून त्यातील उणिवा समजून घेऊन रेखाटन शिकण्याची पद्धत. वस्तू पाहणे, ती कागदावर उतरवणे आणि उतरवलेले पुन्हा वस्तूशी ताडून पाहणे या तीन क्रिया तिच्यात येतात. त्यांतील तिसरी एकट्याने करणे सर्वांत अवघड असते, कारण बराच वेळ एकाच चित्रावर काम केले की चुकीचे प्रमाणही डोळ्याला बरोबर वाटू लागते. कोकण किनाऱ्यावर ही पद्धत शाळांतील चित्रकला वर्ग, चिपळूण तालुक्यातील सावर्डे येथील सह्याद्री स्कूल ऑफ आर्टसारख्या संस्था आणि सुट्टीच्या दिवशी बंदरावर किंवा एस.टी. स्थानकावर एकत्र बसून स्केचिंग करणारे हौशी गट यांच्यातून दिसते.

महाराष्ट्रात पाश्चात्त्य पद्धतीच्या रेखाटनाचे शिक्षण मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या सर ज. जी. कला शाळेतून रुजले. कोकणातील अनेक होतकरू चित्रकार शिक्षणासाठी मुंबईला गेले. सावंतवाडीला १८८२ साली जन्मलेले जलरंगचित्रकार सा. ल. हळदणकर हे त्यांपैकीच होत. शालेय पातळीवर कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांनी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांचा सराव गावोगावी पोहोचवला. हे त्या परीक्षांचे मोठे काम आहे. मात्र परीक्षार्थीच्या हाती शेवटी येते ती फक्त श्रेणी. घडा वाकडा का दिसला किंवा आकृत्या हवेत तरंगताहेत असे का वाटले, हे श्रेणीवरून कळत नाही; ते सांगणारा शिक्षक किंवा सोबती जवळच असावा लागतो.

किनाऱ्यालगतच्या पारंपरिक कलांमध्ये शिक्षणाची रीत निराळी आहे. कुडाळजवळील पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथी (चित्रे दाखवून कथा सांगण्याची कला) किंवा सावंतवाडीची गोल पानांची गंजिफा (हाताने रंगवलेले पत्ते) यांत घरातील जाणत्याच्या हाताखाली ठरलेल्या आकृत्या पुन्हा पुन्हा गिरवून हात तयार होतो. दशावतारी गंजिफाच्या १२० पानांत प्रत्येक अवताराची खूण निश्चित असते, त्यामुळे चूक ठरवण्याची कसोटी परंपरेकडे असते. प्रत्यक्ष पाहून केलेल्या रेखाटनात ती कसोटी समोरच्या वस्तूकडे असते.

सरावाचे मुख्य प्रकार थोडे आहेत. शीघ्र रेखाटनात अर्ध्या ते दोन मिनिटांत शरीराचा तोल आणि हालचाल पकडायची असते. दापोली तालुक्यातील हरणे बंदरावरील मासळीच्या लिलावासारखी सतत हलणारी गर्दी यासाठी उत्तम. बाह्यरेषेच्या अभ्यासात कागदाकडे न पाहता नजर वस्तूच्या कडेवरून सावकाश फिरवायची आणि त्याच वेगाने पेन्सिल चालवायची. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमधील शिक्षक किमॉन निकोलाइडीस (१८९१–१९३८) यांच्या शिकवणीत या दोन्ही अभ्यासांना मध्यवर्ती स्थान होते. याखेरीज हात ताठ ठेवून, एक डोळा मिटून पेन्सिलीने माप घेणे, दोन वस्तूंमधील मोकळ्या जागेचा आकार काढणे आणि छायाप्रकाशाच्या छटांची पट्टी तयार करणे हे अभ्यास सर्वत्र करवून घेतले जातात.

वाळूवर ओढून ठेवलेली होडी हा किनाऱ्यावरचा सर्वांत शिकवणारा विषय म्हणावा लागेल. नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, तिरकस पाहिले, तर जवळचा काठ खोल वळण घेऊन खाली उतरतो, कारण होडीचा फुगवटा आणि काठाचा मधला उतार हे दोन्ही नजरेला एकाच दिशेने खेचतात. पलीकडच्या काठावर तेच दोन परिणाम एकमेकांविरुद्ध जातात आणि तो जवळपास सपाट दिसतो. दोन्ही काठ सारखे आहेत हे ठाऊक असल्यामुळे नवशिक्या दोन्ही वळणे सारखी काढतो आणि होडीची रुंदी बिघडते. अशा वेळी काठांमधल्या पोकळीचा आकार स्वतंत्रपणे काढायला लावणे हा खात्रीचा उपाय आहे.

किनाऱ्याचे स्वतःचेही काही नियम आहेत. पाण्यावरची होडी भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होते आणि कलते, म्हणून एक रेखाटन वीस-तीस मिनिटांत आटोपणे बरे. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तेच दृश्य दुसऱ्या दिवशी हवे असेल तर तेवढे उशिरा यावे लागते. पावसाळ्यात कागद सादळतो, पेन्सिलीची रेघ रुतते आणि खोडरबराने पृष्ठभाग सोलला जातो. त्या महिन्यांत पडवीत बसून कौलारू छपराचे यथार्थदर्शन (दूर जाताना लहान होत जाणारे आकार दाखवणे), जांभ्याचा गडगा किंवा घरातली भांडी काढणे सोयीचे पडते.

अभिप्रायासाठी सर्व रेखाटने भिंतीला टेकवून ओळीने मांडतात आणि चार-पाच पावले मागे जाऊन, डोळे किलकिले करून पाहतात. बोलण्याचा क्रम मोठ्याकडून लहानाकडे असावा: आधी कागदावरील मांडणी, मग प्रमाण आणि कल, नंतर छटा आणि शेवटी तपशील. ‘छान आहे’ या शेऱ्याने काढणाऱ्याला काहीच मिळत नाही. ‘डोलकाठी जितकी कलली आहे त्याहून सरळ आली आहे’ हे वाक्य मात्र लगेच पडताळून पाहता येते. दुसऱ्याच्या चित्रावर पेन्सिल चालवू नये. दुरुस्ती दाखवायचीच असेल तर वर ट्रेसिंग पेपर ठेवावा किंवा समासात छोटी आकृती काढावी.

या पद्धतीचे खरे बळ सर्वांनी एकाच वस्तूसमोर बसण्यात आहे. अभिप्राय देणारा सोबत्याच्या जागेवर जाऊन बसला आणि तिथून होडी पाहून बोलला, तर चर्चा आवडीनिवडीची न राहता दिसण्याची होते. दोघांच्या उंचीत फरक असेल तर नजरेची पातळीही बदलते, हे लक्षात ठेवावे लागते. सांगणाऱ्याचाही यात फायदा असतो, कारण दुसऱ्याची चूक नेमक्या शब्दांत मांडताना त्याला स्वतःचे पाहणे तपासावे लागते. नवख्या मुलांसमोर सुरुवातीला शिक्षकाने स्वतःचे रेखाटन मांडून त्यावर बोलायला लावले, तर संकोच लवकर जातो.

दीर्घकाळ एकत्र काम करणाऱ्या गटाला एकच सवय लागण्याचा धोका असतो. सगळेच मनगटातून तुटक रेघा ओढू लागले किंवा सगळेच सावली बोटाने पुसून एकसारखी करू लागले, तर ती उणीव कोणालाच दिसत नाही. अशा वेळी बाहेरच्या जाणकाराला बोलावणे, दुसऱ्या गावातील गटाबरोबर स्केचबुके बदलून पाहणे आणि प्रत्येक पानावर दिनांक घालून जुनी रेखाटने अधूनमधून नव्यांशेजारी ठेवणे हे उपाय केले जातात.