जहाजावरची फुल रेंज

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून संध्याकाळी सुटलेली गोव्याची क्रूझ कुलाब्याच्या टोकाचं प्रोंग्ज दीपगृह मागे टाकते, तेव्हा डेकवर फोनवाल्यांची झुंबड असते. स्टेटस टाकायचे असतात, व्हिडिओ कॉलवर घरच्यांना समुद्र दाखवायचा असतो. अलिबागसमोर खांदेरीपर्यंत सगळं नीट चालतं. मग आवाज तुटायला लागतो, रेंजच्या कांड्या एकेक करून उतरतात आणि थोड्याच वेळात फोन कॅमेरा आणि टॉर्चपुरता उरतो. गंमत म्हणजे किनाऱ्यावरचे दिवे तेव्हाही डोळ्यांना दिसत असतात.

दिवा दिसतो, मग टॉवर का सापडत नाही? पृथ्वीची गोलाई आड येते, हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. टॉवरवरची अँटेना समुद्रसपाटीपासून 40 मीटरवर आणि तुम्ही 30 मीटर उंचीच्या डेकवर असाल, तर रेडिओलहरींच्या दृष्टीनं क्षितिज जवळपास 48 किलोमीटर लांब असतं. तोच टॉवर कोकणातल्या शंभर मीटर उंच सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर असेल तर हे अंतर 70 किलोमीटरच्या घरात जातं. म्हणजे लहरींना वाट मोकळी असते. अडचण दुसरीकडे आहे.

टॉवरचं फोनला ऐकू आलं म्हणजे भागलं असं नसतं, फोनचंही टॉवरला ऐकू जावं लागतं. टॉवर दणक्यात बोलतो. 4जी फोनची जास्तीत जास्त ताकद मात्र एक पंचमांश वॅट. जुन्या 2जी फोनला 2 वॅटपर्यंत मुभा होती. शिवाय टॉवरच्या अँटेना किंचित खाली, वस्तीकडे झुकवलेल्या असतात, कारण समुद्राला सिमकार्ड विकता येत नाही.

याहून मजेदार अडचण वेळेची आहे. 2जीमध्ये एकाच वाहिनीवर अनेक फोन आळीपाळीनं बोलतात. एकेकाच्या वाट्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ येतो. लांबच्या फोनचा संदेश प्रकाशाच्या वेगानं आला तरी उशिरा पोचतो आणि पुढच्याच्या पाळीत घुसतो. म्हणून टॉवर लांबच्या फोनला सांगतो, तू जरा आधी सुरू कर. हे 'जरा आधी' 63 पायऱ्यांपर्यंतच वाढवता येतं आणि एक पायरी साधारण 550 मीटरची. गुणाकार करा, 35 किलोमीटर. त्यापलीकडच्या फोनचा सिग्नल कितीही खणखणीत असो, साधा 2जी टॉवर त्याला दाराबाहेरच ठेवतो. 4जीमध्ये ही मर्यादा नेटवर्कवाले निवडतात. फोन टॉवरला पहिली हाक मारतो तिचे आखूड-लांब नमुने ठरलेले आहेत. नेहमीच्या नमुन्यात टॉवर 14-15 किलोमीटरपर्यंतच्या हाका ओळखतो, सर्वात लांब नमुन्यात 100 किलोमीटरपर्यंतच्या. लांबचा नमुना ठेवला की टॉवरचा वेळ खर्ची पडतो, म्हणून गर्दीच्या ठिकाणी कोणी तो ठेवत नाही.

पण खरी फसगत पुढे आहे. किनारा सुटल्यावर तास-दोन तासांनी फोन अचानक जिवंत होतो. सगळ्या कांड्या भरलेल्या आणि वर कुठल्या तरी अनोळखी नेटवर्कचं नाव. माणूस खूश होतो, डेटा रोमिंग चालूच असतं, आणि फोन दिवसभराचे साठलेले फोटो, ॲपचे अपडेट, ईमेल असं सगळं गुपचूप खेचायला लागतो. तुम्ही बोटही लावलेलं नसतं.

ते नेटवर्क जहाजाचंच असतं, उपग्रहावरून चालणारं आणि महाग. गल्लीबोळात, डेकवर, जेवणघराच्या छतात छोटे मोबाइल टॉवर बसवलेले असतात आणि तुमचा फोन त्यातल्या एकाला जोडला जातो. दर नेटवर्कला एक क्रमांक असतो. भारतातल्या नेटवर्कचे क्रमांक 404 किंवा 405 नं सुरू होतात. जहाजांवरच्या आणि विमानांतल्या नेटवर्कचे सुरू होतात 901 नं, आणि 901 हा कुठल्याच देशाचा आकडा नाही. तुम्ही सिंगापूरचा किंवा दुबईचा रोमिंग पॅक घेतला असेल, तर तो त्या देशाच्या जमिनीवर चालतो. जहाज त्या देशाच्या बंदरातून सुटलं म्हणून जहाजावर चालत नाही. युरोपीय संघानं 2017 मध्ये सदस्य देशांतलं रोमिंग घरच्याच दरात आणलं, पण उपग्रहावरून चालणारं जहाजी नेटवर्क त्यातून बाहेरच राहिलं. म्हणजे इटलीहून ग्रीसला जाणाऱ्या बोटीत दोन्ही टोकांना स्वस्त आणि मधल्या समुद्रात महाग. जहाज किनाऱ्याजवळ आलं की हे नेटवर्क बंद करतात. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंत त्या त्या देशाचा कायदा लागू होतो आणि तिथल्या लहरींवर तिथल्या परवानेधारकांचा हक्क असतो.

तेव्हा जहाजावरच्या कांड्या काय मोजतात? तुमच्यापासून छतापर्यंतचं अंतर. छतापासून पुढे जगापर्यंत काय चाललंय, याचा फोनला पत्ता नसतो. वायफायच्या पंख्याचंही तेच. 'रेंज फुल आहे, पण काहीच उघडत नाही' ही तक्रार जहाजावर जितकी ऐकू येते तितकी क्वचितच कुठे येत असेल, आणि तिचं उत्तर फोनमध्ये नसून जहाजाच्या माथ्यावरच्या पांढऱ्या घुमटांत असतं.

घुमट नुसतं झाकण आहे. आत एक-दोन मीटरची, मोठ्या जहाजावर त्याहून मोठी तबकडी असते आणि ती आकाशातल्या एका ठरावीक बिंदूकडे रोखलेली असते. जहाज डुलतं, वळतं, लाटेवर नाक वर करतं. तबकडी मोटरींच्या जोरावर क्षणाक्षणाला उलटी हलून बिंदू सोडत नाही. तो बिंदू म्हणजे विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवरचा भूस्थिर उपग्रह. 1976 मध्ये मॅरिसॅट उपग्रहांनी जहाजांसाठी ही सोय सुरू केली आणि 1979 मध्ये इनमारसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था त्यासाठीच उभी राहिली. उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे आकाशात एका जागी दिसतो ही सोय, आणि फार लांब आहे ही गैरसोय. जहाजातून निघालेला संदेश वर जाऊन खाली जमिनीवरच्या केंद्रात यायलाच पाव सेकंद लागतो. उत्तर यायला आणखी पाव. बाकीची यंत्रणा धरली की एका फेरीला 0.6 सेकंद.

फार वाटत नाही ना? एखादं सुरक्षित संकेतस्थळ उघडताना काय होतं ते पाहा. आधी नावावरून पत्ता विचारायचा, एक फेरी. मग समोरच्या संगणकाशी जोडणी, दुसरी. मग कुलूपकिल्लीची बोलणी, एक-दोन फेऱ्या. मग कुठे 'पान दे' म्हणायचं. पहिलं अक्षर दिसायच्या आत अडीच-तीन सेकंद गेले, आणि एका पानात शंभर तुकडे असतात. यावर तोड म्हणून जहाजावर अशी यंत्रं बसवतात, जी समोरच्याची पोचपावती यायची वाट न पाहता फोनला आधीच 'मिळालं, पुढचं पाठव' म्हणून मोकळी होतात. तुम्ही व्हीपीएन, म्हणजे सगळी देवाणघेवाण बंद पाकिटातून नेणारी सोय लावलीत की त्या यंत्रांना आतलं काही दिसत नाही, आणि त्यांची मदत संपते. अशा जहाजांवर व्हीपीएननं नेट मंदावतं ते यामुळे.

उपग्रह आकाशात किती वर आहे यावरही बरंच ठरतं. मुंबईत सरळ दक्षिणेचा भूस्थिर उपग्रह क्षितिजापासून 68 अंश वर असतो. नॉर्वेतल्या गाइरांगर फियोर्डमध्ये, 62 अंश अक्षांशावर, तिथला सरळ दक्षिणेचा उपग्रह जेमतेम 20 अंशांवर उतरतो आणि दोन्ही बाजूंना हजार मीटरहून उंच कडे. जगातला सर्वात देखणा फोटो काढावा आणि तो पाठवता येऊ नये, अशी ती जागा. जहाजाचं स्वतःचं धुराडंही आड येतं, म्हणून घुमट दोन-तीन ठिकाणी लावून दिशा बदलली की एकावरून दुसऱ्यावर काम ढकलतात. आपल्याकडच्या मुसळधार पावसात तर वरच्या वारंवारतांचा सिग्नल पाण्याचे थेंबच शोषून घेतात.

गेल्या दशकात चित्र पालटलं ते उपग्रह खाली आल्यामुळे. 2014 मध्ये 'ओअॅसिस ऑफ द सीज' या जहाजावर ओथ्रीबी कंपनीचे, 8,000 किलोमीटर उंचीवरचे उपग्रह वापरात आले आणि फेरी सेकंदाच्या सहाव्या-सातव्या भागावर आली. 2022 मध्ये रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीनं आपल्या सगळ्या जहाजांवर स्टारलिंक हे उपग्रहांवरचं इंटरनेट बसवायचं जाहीर केलं. हे उपग्रह जवळपास 550 किलोमीटरवर, ताशी 27,000 किलोमीटर वेगानं धावणारे. एक उपग्रह काही मिनिटांत मावळतो, तोवर दुसरा धरावा लागतो. एवढी पळापळ मोटरीवरच्या तबकडीला झेपायची नाही. म्हणून सपाट पाटीवर शेकडो बारीक अँटेना बसवून त्यांच्या लहरींची वेळ मागेपुढे करतात; पाटी जागची हलत नाही, लहरींचा झोत वळतो. भर समुद्रात जवळ जमिनीवरचं केंद्र नसेल, तर उपग्रह आपसात लेझरनं संदेश पुढे सरकवतात. व्हिडिओ कॉल चालायला लागले ते इथून.

तरीही रात्री जेवणानंतर नेट रडतंच. चाळीत टाकी मोठी झाली तरी सकाळी सगळे नळ एकदम सुटले की वरच्या मजल्यावर धार बारीक होणारच. समजा जहाजाला एकूण 200 मेगाबिटचा वेग आहे आणि 2,000 फोन एकाच वेळी मागतायत; प्रत्येकाला आला 0.1 मेगाबिट. त्यात घरच्या ग्रुपवर पहाटेपासून आलेली सुप्रभातची फुलं आपोआप उतरत असतात. जहाजावर चढायच्या आधी व्हॉट्सॲपचं ऑटो-डाउनलोड बंद केलं, तर महागड्या प्लॅनइतका फायदा होतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रवाशांच्या खासगी निरोपांनी जहाजाची वाट तुंबणं हे नवीन नाही. 14 एप्रिल 1912 च्या रात्री टायटॅनिकचा बिनतारी संदेशवाहक जॅक फिलिप्स श्रीमंत प्रवाशांच्या तारा न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या केप रेस केंद्राला पाठवत बसला होता. आदल्या दिवशी यंत्र बिघडल्यामुळे ढीग साचला होता. जवळच्या 'कॅलिफोर्नियन' जहाजानं बर्फानं वेढल्याचं कळवलं, तर यानं त्याला गप्प बसायला सांगितलं. आज संकटाच्या संदेशांची व्यवस्था प्रवाशांच्या इंटरनेटपासून पूर्ण वेगळी असते.

केबिनमध्ये गेल्यावर नेट का जातं, हे मात्र सोपं आहे. जहाज पोलादाचं, बहुतेकदा केबिनच्या भिंतीही पत्र्याच्या, आगीची दारं पोलादी. दार लावलं की गल्लीतल्या वायफायचा आवाज निम्म्याहून खाली. जीपीएसला तर आत काहीच दिसत नाही. ते वापरायला उघड्या डेकवर जा. त्याला इंटरनेट लागत नाही, नुसतं उपग्रहांचं ऐकायचं असतं. आधी नकाशा उतरवून ठेवला असेल तर आपण जयगडसमोर आहोत की रत्नागिरीसमोर, हे फुकटात कळतं.

आपल्या समुद्रापुरतं सांगायचं तर जहाजांवर आणि विमानांत मोबाइल-इंटरनेट द्यायची रीतसर वाट 2018 च्या डिसेंबरमधल्या नियमांनी उघडली. स्वतःचा सॅटेलाइट फोन मात्र परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाही. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटक यात अडकलेले आहेत. मच्छीमार बोटींसाठी वेगळी सोय आली आहे. ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला सुरू झालेल्या योजनेत एक लाख बोटींवर इस्रोनं विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत, ज्यावरून मोबाइलच्या पलीकडच्या समुद्रातूनही छोटे निरोप दोन्ही बाजूंनी जातात. लक्षद्वीपचं उलट झालं. ती बेटं वर्षानुवर्षं उपग्रहावर अवलंबून होती. जानेवारी 2024 मध्ये कोचीहून समुद्रतळावरून केबल पोचली. त्यामुळे लक्षद्वीपच्या क्रूझवर जहाजापेक्षा बेटावर उतरल्यावर नेट बरं, हेही शक्य आहे.

प्रवाशाला चार दिवस नेट नसलं तर बिघडत नाही. सहा-आठ महिने जहाजावर राबणाऱ्या गोव्या-कोकणातल्या पोरांचं तसं नाही. सागरी कामगार कराराची जी दुरुस्ती 23 डिसेंबर 2024 पासून लागू झाली, तिच्यात खलाशांना शक्य असेल तिथे इंटरनेट द्यावं आणि पैसे घेतलेच तर ते वाजवी असावेत, असं लिहिलेलं आहे. इतकी वर्षं ते लिहावं लागलं नव्हतं, याचंच नवल.

आता करायचं काय? किनारा सुटायच्या आत फोन फ्लाइट मोडवर टाका आणि फक्त वायफाय चालू करा. यानं बिल वाचतं आणि बॅटरीही, कारण नेटवर्क नसलेला फोन सतत टॉवर शोधत पूर्ण ताकदीनं ओरडत असतो. बँकेची कामं आधीच उरका. ओटीपीचा एसएमएस वायफायवरून यायला वायफाय कॉलिंग लागतं, आणि ते जहाजावरून चालेलच असं नाही. परदेशी जहाजाचं नेट ज्या देशातल्या केंद्रात उतरतं, तिथलाच पत्ता बँकेला दिसतो. काही बँकांची ॲप त्यावरून बिथरतात.

आणि घड्याळ हातानं लावा. फोन वेळ टॉवरकडून घेतो, जहाज मात्र स्वतःच्या वेळेवर चालतं. मेक्सिकोचं कोझुमेल बेट वर्षभर एकाच वेळेवर असतं. उन्हाळ्यात फ्लोरिडाहून आलेल्या जहाजाची वेळ तिच्यापुढे एक तास असते. बेटावर फोननं तिथला टॉवर पकडला की त्यात चार वाजतात, जहाजावर पाच वाजलेले असतात. शिडी सुटायच्या साधारण अर्धा तास आधी उचलतात, आणि धक्क्यावरून पिशव्या सांभाळत पळणारी मंडळी वरच्या डेकवरचे लोक मजेत पाहत असतात, मोबाइलवर शूट करत.