कटक

कटक : ओडिशाची जुनी राजधानी. महानदी आणि तिचा दक्षिणेकडचा फाटा काठजोडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर हे शहर वसले आहे. काठजोडी शहराच्या वरच्या अंगाला नराजपाशी मुख्य नदीपासून फुटते आणि तिथूनच महानदीचा त्रिभुज प्रदेश सुरू होतो. भुवनेश्वर इथून जेमतेम 25-30 किमी. हावडा–चेन्नई लोहमार्गावरचे हे महत्त्वाचे स्थानक असले, तरी भुवनेश्वर–पुरी–कोणार्क अशी फेरी करणारे पर्यटक बहुधा कटक गाळतात. डोळे दिपवणारे देऊळ इथे नाही, हे त्याचे कारण. हे शहर बांधावरून आणि गल्ल्यांतून हिंडत पाहण्याचे आहे.

बांध हा कटकचा प्राण म्हटला तरी चालेल. पुराच्या वेळी दोन्ही नद्यांचे पाणी शहराच्या जमिनीपेक्षा वर चढते; वस्ती टिकली ती तटबंदीसारख्या बांधांमुळे. काठजोडीच्या काठचा दगडी बांध अकराव्या शतकाच्या आरंभी केशरी घराण्यातल्या मर्कट केशरी राजाने बांधला, अशी परंपरागत समजूत आहे. आज त्याला लागून रस्ता गेला आहे. उन्हाळ्यात तिथून दिसते ते वाळवंट आणि त्यातून वाट काढणारी बारीक धार. याच पात्रासाठी एवढा दगड कशाला रचला, हे पावसाळ्यात आपोआप कळते. बांधाची दुसरी बाजू अशी, की शहरात पडलेले पाणीही सहजी बाहेर जात नाही. जोराच्या सरीत सखल गल्ल्या तुंबतात आणि पाणी पंपांनी उपसून नदीत टाकावे लागते.

तेराव्या शतकात गंग राजा तिसरा अनंगभीम याने राजधानी इथे आणली. पुढे गजपती राजे, 1568 मध्ये बंगालचे सुलतान, नंतर मोगल असे धनी बदलत गेले. मराठी माणसाच्या तोंडी कटकचे नाव ‘अटकेपासून कटकेपर्यंत’ एवढ्यापुरतेच येते. अटकेवरचा अंमल औट घटकेचा ठरला. कटकेवरचा मात्र अर्धशतकभर टिकला. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांनंतर 1751 मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखान याच्याशी तह झाला. त्यानुसार बंगालची चौथाई म्हणून सालीना 12 लाख रुपये ठरले, आणि ओडिशाचा महसूल भोसल्यांकडे आला. शिवभट साठे, राजाराम पंडित असे सुभेदार इथून कारभार पाहत. ऑक्टोबर 1803 मध्ये इंग्रजांनी बाराबाटी किल्ला घेतला आणि डिसेंबरातल्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक प्रांत सोडला. या कारभाराची आठवण ओडिशात सरसकट गोड नाही. बंगालातल्या बारगीर-स्वाऱ्यांची दहशत आणि इथली वसुली एकाच दमात सांगितली जाते, तर जगन्नाथाच्या देवस्थानाला मिळालेल्या आश्रयाचीही नोंद घेतली जाते. दोन्ही खरे आहे.

बाराबाटी किल्ल्यात आज उरले आहे ते दगडी प्रवेशद्वार, ‘गडखाई’ म्हणजे खंदक, आणि उत्खननात उघडा पडलेला राजवाड्याचा पाया. सोळाव्या शतकातला इथला राजा मुकुंददेव याच्या नऊमजली वाड्याचे वर्णन अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने केले आहे. त्याचा एक मजलाही शिल्लक नाही. इंग्रजी अमलात किल्ल्याचे दगड रस्त्यांना आणि इतर बांधकामांना वापरले गेले. शेजारच्या क्रिकेट मैदानानेच किल्ल्याचे नाव देशभर पोहोचवले.

ओडिया बाजारातल्या जानकीनाथ भवनात 23 जानेवारी 1897 रोजी सुभाषचंद्र बोस जन्मले. घराचे आता संग्रहालय झाले आहे. रेव्हनशॉ महाविद्यालयाची सुरुवात 1868 ची. राज्याची राजधानी 1948 मध्ये भुवनेश्वरला हलली, पण उच्च न्यायालय कटकलाच राहिले. त्यामुळे काळ्या कोटांची वर्दळ इथे कायमची.

‘बाउन बजार, तेपन गळी’, म्हणजे बावन्न बाजार आणि त्रेपन्न गल्ल्या, असे कटककर आपल्या शहराचे वर्णन करतात. याच गल्ल्यांत तारकसी, म्हणजे चांदीच्या तारेचे नक्षीकाम, चालते. चांदी जंत्रीच्या, म्हणजे भोके पाडलेल्या पट्टीच्या, लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून केसासारखी तार काढतात, दोन तारा एकत्र पिळून चपट्या करतात. जाड तारेच्या चौकटीत त्यांची वेटोळी चिमट्याने बसवायची, टाकणखार आणि डाख (सांधायचा धातू) लावायचा, आणि फुंकणीने ज्योत वळवून सांधायचे. ज्योत क्षणभर जास्त रेंगाळली तर नक्षीच वितळते. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात ओडिशाचे नेते मधुसूदन दास यांनी या कलेला मोठे प्रोत्साहन दिले. 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे सर्वांत भव्य रूप दुर्गापूजेत दिसते. मूर्तीमागची चांदीची प्रभावळ, ‘चांदी मेढ’, ही कटकची खासियत, आणि कोणत्या गल्लीची मेढ मोठी यावरची चुरस उघड असते.

कार्तिक पौर्णिमेला पहाटे केळीच्या सोपटाच्या किंवा कागदाच्या छोट्या होड्या दिवा लावून पाण्यात सोडतात. बाली, जावा, सुमात्राकडे जाणाऱ्या साधव, म्हणजे ओडिशाच्या दर्यावर्दी, व्यापाऱ्यांची ही आठवण. त्याच दिवशी महानदीच्या गडगडिया घाटाशेजारी बालीयात्रा ही मोठी जत्रा सुरू होते. तिथे खायचे ते परातीएवढी ‘ठुंका पुरी’ आणि दहीबरा-आलुदम. दहीबरा म्हणजे आपला घट्ट, गोडसर दहीवडा नव्हे. पातळ आंबट ताकात मुरलेले छोटे वडे, त्यावर झणझणीत बटाट्याचा रस्सा, वाटाण्याची घुगनी, कांदा आणि शेव. एरवी हा पदार्थ सायकलला हंडे बांधून फिरणाऱ्या विक्रेत्यांकडे मिळतो, आणि तो सकाळीच खाण्याचा आहे. दर्दी कटककर शेवटी नुसते ताक वेगळे मागून पितात.