एकमेकांवर अवलंबून पॅकेजेसचं अपग्रेड

लिनक्सवर सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येतं, पण सहसा एकटं येत नाही, ते लायब्ऱ्या (बाकीच्या प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) मागतं, त्या लायब्ऱ्या अजून काहीतरी मागतात, आणि ह्या मागण्यांनाच डिपेंडन्सी म्हणतात. म्हणून अपग्रेड म्हणजे एक पॅकेज काढून दुसरं ठेवणं नव्हे, सगळा गोतावळाच एकदम पुढे सरकवावा लागतो. हे काम पॅकेज मॅनेजरचं, म्हणजे पॅकेजेस टाकणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमचं: डेबियन-उबुंटूवर एपीटी, फेडोरावर डीएनएफ, आर्चवर पॅकमॅन.

गुंता कुठे होतो ते ओपनएसएसएल ह्या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीवरून नीट कळतं. सप्टेंबर २०२१ मध्ये तिचं ३.० व्हर्जन आलं आणि लायब्ररीच्या फाईलच्या नावातला आकडा १.१ चा ३ झाला. आता जो प्रोग्रॅम १.१ धरून कंपाईल केलाय (कोडपासून चालवण्याजोगा बनवलाय) तो सुरू होतानाच त्या जुन्या नावाची फाईल शोधतो, ती काढून टाकली असेल तर तिथेच थांबतो, मग प्रोग्रॅममध्ये स्वतःमध्ये काहीही बिघडलेलं नसलं तरी. त्यामुळे अशा वेळी डिस्ट्रोवाले (डेबियन, फेडोरासारखे लिनक्सचे प्रकार बनवणारे) त्या लायब्ररीवर बसलेली सगळी पॅकेजेस परत बिल्ड करतात, डेबियनमध्ये ह्याला ट्रान्झिशन म्हणतात, आणि हे खरंच कष्टाचं काम आहे, त्याची फारशी कुणी दखल घेत नाही.

आर्चवर अर्धवट अपग्रेड चालत नाही असं स्पष्ट सांगितलेलं आहे ते ह्याच कारणाने. पॅकेजची यादी ताजी केली आणि फक्त एकच पॅकेज टाकलं, तर ते नवीन लायब्ररी ओढून आणू शकतं आणि बाकीची जुनी पॅकेजेस उघड्यावर पडतात. यादी ताजी केली की सगळंच अपग्रेड करायचं.

एपीटीमध्ये फरक कमांडचा आहे. 'एपीटी-गेट अपग्रेड' नवीन पॅकेज टाकत नाही आणि असलेलं काढत पण नाही, 'एपीटी अपग्रेड' गरज पडली तर नवीन टाकतं पण काढत नाही, आणि 'फुल-अपग्रेड' मात्र वाट मोकळी करायला काढूनही टाकतं. काही पॅकेजेस मागे ठेवली असा मेसेज आला की लोक घाबरतात, पण बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच की एखादी अट अजून जुळत नाही किंवा अपडेट टप्प्याटप्प्याने सोडलं जातंय. घाबरून लगेच फुल-अपग्रेड मारू नये. मारायचंच असेल तर 'हो' म्हणायच्या आधी काढल्या जाणाऱ्या पॅकेजेसची यादी वाचावी, त्यात डेस्कटॉपचं मुख्य पॅकेज दिसलं तर तिथेच नाही म्हणावं, हे मी प्रत्येकाला सांगतो.

सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारी व्हर्जनं शोधणं हे गणिताच्या भाषेत एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे नेहमी झटपट सुटेल अशी पद्धत माहीत नसलेलं कोडं. डीएनएफ आणि झिपर (ओपनसुसेचा पॅकेज मॅनेजर) त्यासाठी लिबसॉल्व्ह नावाचा सॅट सॉल्व्हर, म्हणजे हो-नाही अशा अटी जुळवणारं साधन, वापरतात. पिप ह्या पायथनच्या पॅकेज मॅनेजरमध्ये खराखुरा रिझॉल्व्हर (जुळणारी व्हर्जनं शोधणारा भाग) २०२० साली २०.३ व्हर्जनला आला, त्याआधी एकमेकांशी न जुळणारी व्हर्जनं पण इन्स्टॉल व्हायची. जावास्क्रिप्टच्या एनपीएम ह्या पॅकेज मॅनेजरने वेगळी वाट धरली, तिथे एकाच लायब्ररीची दोन व्हर्जनं शेजारी नांदू शकतात, डिस्कवर जागा जास्त जाते पण भांडण कमी.

एखादं पॅकेज आहे तिथेच रोखायचं असेल तर एपीटीत होल्ड लावता येतो. फक्त तो लावलाय हे लक्षात ठेवावं लागतं, कारण पुढे त्याच्यावर अवलंबून असलेली पॅकेजेसही तिथेच अडकतात आणि एरर भलत्याच नावाने येते.