मोटर काढली की ब्रेकही जातो

गवत कापायच्या यंत्राचं इंजिन काढायचं, जुन्या मोबिलिटी स्कूटरच्या सीटखाली बसवायचं, साखळीने मागच्या ॲक्सलला जोडायचं आणि धूर सोडत सुसाट सुटायचं, अशा घरगुती प्रयोगांचे व्हिडिओ सध्या बरेच फिरतात. त्यांवरच्या प्रतिक्रियांत एक वाक्य हमखास सापडतं: "आता कुठे गाडीत दम आला!" बॅटरीची गाडी म्हणजे नाजूक आणि पेट्रोल म्हणजे ताकद, हा समज त्यामागे आहे. प्रयोग करणाऱ्यांच्या हातात कसब आहे, यात शंका नाही. समज मात्र चुकीचा आहे, आणि तो नेमका कुठे चुकतो हे शोधायला गेलं की विजेच्या मोटरचा एक फार देखणा गुणधर्म समोर येतो.

आधी गाडीची ओळख. ज्यांना चालणं जड जातं त्यांच्यासाठी ही तीन किंवा चार चाकांची, खुर्चीसारख्या सीटची गाडी असते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ॲलन थीम यांनी १९६८ साली घरातल्या मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झालेल्या व्यक्तीसाठी अशी गाडी बनवली, आणि पुढे तिचा उद्योग झाला. सीटखाली १२ व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या एकसर जोडणीत, म्हणजे एकूण २४ व्होल्ट. मागे एक डीसी मोटर, तिला चिकटूनच गिअर आणि डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी जोडणी. हँडलवर अंगठ्याने दाबायची एक कळ. वेग साधारण माणसाच्या चालीपासून फार तर सावकाश सायकलइतका.

पेट्रोलच्या बाजूने जे खरं आहे ते आधी मान्य करू. ३५ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांमध्ये २४ गुणिले ३५, म्हणजे ८४० वॉट-तास ऊर्जा मावते आणि त्यांचं वजन वीस किलोच्या वर जातं. एक लिटर पेट्रोलचं वजन जेमतेम पाऊण किलो आणि त्यातली ऊर्जा सुमारे ९,००० वॉट-तास. छोट्या इंजिनाने त्यातली ८५ टक्के उष्णता म्हणून उधळली, तरी उरलेली ऊर्जा दोन्ही बॅटऱ्यांपेक्षा जास्त भरते. लांब पल्ला हवा असेल तर पेट्रोलचा मोह समजण्यासारखा आहे.

पण "दम" म्हणजे पल्ला नव्हे. दम म्हणजे थांबलेली गाडी चढावर ओढून नेणारं बल. इथे मोटरच्या आत डोकवावं लागतं.

शाळेच्या पुस्तकात फ्लेमिंगचे दोन नियम असतात. डाव्या हाताचा नियम मोटरचा: चुंबकीय क्षेत्रातल्या तारेतून विद्युतधारा सोडली की तारेवर बल येतं. उजव्या हाताचा नियम जनित्राचा: चुंबकीय क्षेत्रात तार हलवली की तिच्यात विद्युतदाब तयार होतो. दोन नियम वेगवेगळ्या पानांवर, वेगवेगळ्या आकृत्यांसह येतात आणि ही दोन वेगळी यंत्रं आहेत असं आपल्या मनात बसतं. प्रत्यक्षात मोटर फिरते तेव्हा तिच्या तारा चुंबकीय क्षेत्रातच हलत असतात. म्हणजे चालू मोटर ही त्याच क्षणी जनित्रही असते. १८७३ साली व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात झेनोब ग्राम यांच्या एका जनित्राची वीज तशाच दुसऱ्या जनित्राला दिली, तेव्हा ते मोटर होऊन फिरू लागलं. यंत्र एकच, ऊर्जा कोणत्या बाजूने आत येते तेवढाच फरक.

मोटरमध्ये फिरता फिरता तयार होणारा हा दाब बॅटरीच्या दाबाविरुद्ध उभा राहतो. त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. उदाहरणासाठी अशी मोटर धरू, जी मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर २४ व्होल्टचा विरोधी दाब तयार करते आणि जिचा अंतर्गत रोध ०.२ ओहम आहे. गाडी थांबलेली असताना विरोधी दाब शून्य. मग ओहमच्या नियमाने २४ भागिले ०.२, म्हणजे १२० अँपिअर धारा धावायला मोकळी असते. मोटरचं पिळबल, म्हणजे दांडा फिरवणारा जोर (टॉर्क), धारेच्या प्रमाणात असतं, म्हणून ते सर्वात जास्त कधी? गाडी जागची हललेलीही नसते तेव्हा. मोटर जळू नये म्हणून कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारं उपकरण, ही धारा ६० अँपिअरवर रोखतो असं समजू. तेवढ्यावरही या मोटरला ३.४ न्यूटन-मीटर पिळबल मिळतं. गिअर २०:१ चा, म्हणजे मोटरच्या वीस फेऱ्यांना चाकाची एक, आणि चाकाची त्रिज्या १३ सेंटीमीटर असेल तर चाकाच्या कडेला ५२० न्यूटन, गिअरमधलं घर्षण वजा जाता चारशेच्या वर. माणसासकट १८० किलोची गाडी दहा टक्क्यांच्या चढावर ओढायला सुमारे २१० न्यूटन पुरतात. म्हणजे गरजेच्या दुप्पट बल हाताशी आहे, तेही पहिल्या क्षणापासून.

पुढे गाडी वेग घेते, विरोधी दाब वाढतो, बॅटरीच्या दाबातून तो वजा होतो आणि धारा घटते. ४,००० फेऱ्यांच्या आसपास दोन्ही दाब जवळजवळ समसमान होतात आणि वेग आपोआप वाढायचा थांबतो. या गाडीसाठी तो ताशी नऊ-दहा किलोमीटर. चढ आला की फेऱ्या कमी होतात, विरोधी दाब उतरतो, धारा वाढते, पिळबल वाढतं. कोणी गिअर बदलत नाही, कोणी हिशोब करत नाही. मला यंत्रशास्त्रातल्या स्वयंनियमनांपैकी हे सर्वात सुंदर वाटतं.

आता उतार. उतारावर गाडी मोटरला ढकलू लागते. विरोधी दाब बॅटरीच्या दाबापेक्षा वर गेला की धारेची दिशा उलटते, पिळबलाचीही उलटते आणि मोटर ब्रेक बनते. अंगठा कळीवरून उचलला की कंट्रोलर मोटरला मिळणारा दाब कमी करत नेतो, म्हणून हाच ब्रेक कमी वेगालाही लागतो. आपल्या उदाहरणातल्या मोटरची दोन्ही टोकं २,००० फेऱ्यांवर एकमेकांना जोडली, तर १२ भागिले ०.२, म्हणजे पुन्हा ६० अँपिअर, पण उलट दिशेने. जितक्या जोराने तिने गाडी ओढली तितक्याच जोराने ती आता अडवते.

चाकाला डायनॅमो लावा आणि चालता चालता बॅटरी फुकट भरा, अशा जाहिराती पुन्हा पुन्हा येत असतात. त्यांचं उत्तरही इथेच आहे. जनित्रातून वीज काढली की ते फिरायला अडतं, हे हाइनरिश लेंझ यांनी १८३४ साली मांडलेल्या नियमातच आहे. भरलेला प्रत्येक वॉट-तास चाकाकडून, म्हणजे शेवटी त्याच बॅटरीकडून आलेला असतो, आणि वाटेत गळती होते ती वेगळीच. अशी उपकरणं विकणारे लोकांच्या अज्ञानावर पैसे कमावतात.

मोटरच्या ब्रेकला एक मर्यादा आहे. वेग शून्याकडे गेला की विरोधी दाबही शून्याकडे जातो, म्हणून उतारावर गाडी धरून ठेवणं तिला जमत नाही. त्यासाठी मोटरच्या शेपटाकडच्या टोकाला एक विद्युतचुंबकीय ब्रेक असतो. त्याची रचना आपल्या अपेक्षेच्या उलट आहे: स्प्रिंग ब्रेक कायम दाबून ठेवते आणि वीज तो सोडवते. बॅटरी संपली, तार तुटली, बसलेल्या माणसाला भोवळ येऊन अंगठा सुटला, तर गाडी जागच्या जागी पकडली जाते. लिफ्टचे ब्रेकही याच तत्त्वावर असतात.

इंजिन बसवायचं म्हणून मोटर उचकटली की यातलं काय जातं ते आता दिसेल. ओढणं जातंच, पण उतारावरचं अडवणं, जागेवर धरून ठेवणं आणि मागे जाणं ही तिन्ही कामं त्याच मोटरसोबत जातात. डीसी मोटरची जोडणी उलटली की ती उलट फिरते. पेट्रोल इंजिन एकाच दिशेने फिरतं.

शिवाय इंजिनाला शून्यापासून सुरुवात करता येत नाही. ठरावीक फेऱ्यांखाली ते बंदच पडतं, म्हणून मध्ये क्लच हवा. अशा प्रयोगांत बहुधा केंद्रापसारी क्लच असतो: इंजिनाच्या दांड्यावर स्प्रिंगने आत ओढलेले दोन शू, भोवती ड्रम. फेऱ्या वाढल्या की शू बाहेर सरकून ड्रमला घासतात आणि मग त्याला घेऊन फिरतात. शूंना बाहेर ढकलणारं बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. शंभर ग्रॅमचा शू तीन सेंटीमीटर त्रिज्येवर असेल तर १,८०० फेऱ्यांवर बल १०७ न्यूटन, ३,६०० वर थेट ४२६. स्प्रिंग २०० न्यूटनची असेल तर क्लच साधारण २,५०० फेऱ्यांना पकडेल.

आता ६:१ ची साखळी लावून पाहू. २,५०० भागिले सहा, म्हणजे चाकाच्या सुमारे ४१७ फेऱ्या, म्हणजे त्याच १३ सेंटीमीटरच्या चाकावर ताशी २० किलोमीटर! त्याखालच्या कोणत्याही वेगाला क्लच पूर्ण पकडलेला नसतो. तो घसरत आणि तापत राहतो. ज्या गाडीने माणसाच्या चालीने चालायचं तिचा क्लच चालीच्या वेगाला सतत जळत असणार. ॲक्सिलरेटर सोडल्यावर २० च्या वर इंजिन थोडंफार अडवतं, पण वेग त्याखाली आला की शू आत जातात आणि गाडी मोकळी सुटते. हळूहळू उतरायच्या उतारावर नेमका कोणताच अडसर उरत नाही. आणि दम? ७९ सीसीच्या चार-स्ट्रोक इंजिनाचं पिळबल पाच न्यूटन-मीटरच्या आसपास. सहाने गुणून चाकापर्यंत आणलं तर २३० न्यूटन, म्हणजे काढून टाकलेल्या मोटरच्या निम्म्याच्या आसपास. इंजिनाची शक्ती जास्त आहे, पण ती वेगात खर्च होते, ओढण्यात नाही. साखळीऐवजी ३०:१ ची घट केली तर हे बरंचसं सुधारतं. मात्र तेव्हा वेगही सहा किलोमीटरवर येतो आणि व्हिडिओत दाखवण्यासारखं काही उरत नाही.

वेगाचा धोका थोडक्यात सांगतो. चाकांमधलं अंतर ५० सेंटीमीटर आणि माणसासकट गुरुत्वमध्य ६० सेंटीमीटर उंच असेल, तर ताशी सहाच्या वेगाने ही गाडी ७० सेंटीमीटर त्रिज्येचं वळण कशीबशी घेईल. ताशी तीसला तिला १७ मीटर लागतील, नाहीतर ती उलटेल. तीन चाकं असतील तर आणखी लवकर. जमिनीलगतच्या जड बॅटऱ्या काढून वर इंजिन ठेवलं की गुरुत्वमध्य आणखी चढतो. पेट्रोलची टाकी आणि तापलेला सायलेन्सर सीटखाली शेजारी आले, तर आग लागल्यावर चटकन उतरता न येणारा माणूस वर बसलेला आहे, हेही विसरू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, वासहीन असतो आणि तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे हिमोग्लोबिनला चिकटतो. ही गाडी मुळात घरात आणि दुकानातही चालवायची असते. तिथे इंजिन क्षणभरही चालवता येत नाही.

इतकं असूनही कोणाला इंजिन बसवायचंच असेल, तर ॲक्सलवर स्वतंत्र डिस्क किंवा ड्रम ब्रेक, त्याला अडकवून ठेवायची सोय, हात सुटताच मिटणारा ॲक्सिलरेटर आणि अंगाला बांधलेली, ओढली जाताच इंजिन बंद करणारी दोरी, हे सगळं इंजिनाच्या आधी बसवावं.

पल्लाच वाढवायचा असेल, तर माझ्या मते मोटरला हात लावू नये. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या तेवढ्याच वजनात लेड-ॲसिडच्या अडीच-तीन पट ऊर्जा देतात. चार्जर मात्र त्यांच्या जातीचाच हवा. पेट्रोल हवंच असेल तर डिझेल-इलेक्ट्रिक रेल्वे इंजिनाची रीत उचलावी: इंजिनाने फक्त जनित्र फिरवायचं, चाकं मोटरनेच ओढायची आणि अडवायची. सपाट रस्त्यावर ताशी सहा किलोमीटरला चाकांना जेमतेम ६० वॉट लागतात, मोटर आणि गिअरमधली गळती धरून बॅटरीतून शंभरएक. पाच अँपिअरचा साधा चार्जर १३० वॉटच्या आसपास देतो, त्यामुळे अगदी लहान पोर्टेबल जनित्रही या कामाला पुरतं. फक्त बहुतेक मोबिलिटी स्कूटरचा कंट्रोलर चार्जर जोडलेला असताना गाडी हलू देत नाही, म्हणून वाटेत थांबून, मोकळ्या हवेत आणि जनित्राच्या धुरापासून लांब बसून तासभर चार्ज करायचं आणि पुढचा तास चालायचं.