केंद्र सरकारची पुरवठ्याची कामे : अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिलांच्या उद्योगांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

केंद्र सरकारची मंत्रालये, खाती आणि सार्वजनिक उपक्रम वर्षभरात ज्या वस्तू आणि सेवा विकत घेतात, त्यांपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. या २५ टक्क्यांतच अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांसाठी ४ टक्के आणि महिलांच्या मालकीच्या उद्योगांसाठी ३ टक्के वाटा ठरवून दिलेला आहे. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरण आदेशाने ही तरतूद केली. एकूण प्रमाण तेव्हा २० टक्के होते, ते २०१८ मध्ये वाढवण्यात आले आणि महिलांचा वाटाही त्याच वेळी जोडला गेला. हे प्रमाण वर्षाच्या एकूण खरेदीवर मोजले जाते, प्रत्येक निविदेवर नाही. शिवाय अनुसूचित जाती-जमातींचे उद्योजक निविदेत उतरले नाहीत, तर त्यांचा वाटा इतर लघु उद्योगांकडून भरून काढण्याची मुभा आदेशातच आहे. म्हणजे अर्ज न करणाऱ्यांचा हक्क कोणी अडवत नाही, तो नुसता निघून जातो, आणि म्हणूनच ही माहिती गावोगावच्या उद्योजकांपर्यंत पोचावी असे मला मनापासून वाटते.

पात्रतेचा कणा मालकी हा आहे. एकल मालकी असेल तर मालक स्वतः त्या प्रवर्गातील असावा लागतो. भागीदारी असेल तर त्या प्रवर्गातील भागीदारांचा हिस्सा, आणि खासगी मर्यादित कंपनी असेल तर प्रवर्तकांचे भाग, किमान ५१ टक्के असावे लागतात. पती-पत्नीने निम्म्या-निम्म्या हिश्शाने भागीदारी केली असेल, तर सारे काम पत्नीच सांभाळत असली तरी तो उद्योग महिलांच्या मालकीचा ठरत नाही. भागीदारीचा करार लिहून घेतानाच याचा विचार केलेला बरा. तसेच ही सवलत स्वतः माल तयार करणाऱ्यांना किंवा सेवा देणाऱ्यांना आहे. केवळ घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्यांना ती मिळत नाही.

पहिली पायरी म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजेच सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची केंद्र सरकारच्या पोर्टलवरील अधिकृत नोंदणी. ती ऑनलाइन आणि पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी आधार, पॅन, लागू असल्यास जीएसटी क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील पुरतो, मात्र ओटीपी येणारा मोबाइल हाताशी हवा. गणवेश शिवणाऱ्या एका ताईंचे प्रमाणपत्र मी पाहिले. आठ शिलाई यंत्रे घरात चालू होती, पण अर्ज भरून देणाऱ्याने मुख्य व्यवसायाच्या रकान्यात ‘व्यापार’ नोंदवले होते, आणि त्या एका शब्दामुळे त्या सवलतीबाहेर राहिल्या होत्या. अशी दुरुस्ती त्याच पोर्टलवर करता येते.

त्यानंतर सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर विक्रेता म्हणून नोंदणी करून उद्यम क्रमांक तिथे जोडावा. सक्षम अधिकाऱ्याने दिलेला जातीचा दाखला, भागीदारी करार किंवा भागधारकांची यादी आणि आयकर विवरणपत्रे स्कॅन करून ठेवावीत. पॅन, उद्यम, जीएसटी आणि बँक खाते या चारही ठिकाणी नाव अक्षरशः सारखे असावे. आडनावाच्या स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकानेही पडताळणी अडते.

सूक्ष्म व लघु उद्योगांना निविदा संच मोफत मिळतो आणि बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत ठेवायची अनामत, भरावी लागत नाही. काम मिळाल्यावरची सुरक्षा अनामत मात्र वेगळी असते आणि ती मागितली जाऊ शकते. पूर्वानुभव आणि उलाढालीच्या अटी शिथिल केल्या आहेत का, याची ओळ जेमवरील निविदेत स्वतंत्रपणे दिलेली असते, ती आधी वाचावी. गुणवत्तेच्या अटींत सूट नसते.

दरांची सवलत नीट समजून घ्यावी. समजा, चादरींच्या निविदेत एका मोठ्या कंपनीचा दर सर्वांत कमी, १०० रुपये आहे आणि तुमचा ११४ रुपये. तुमचा दर सर्वांत कमी दराच्या १५ टक्क्यांच्या आत असल्याने, १०० रुपयांना माल देण्याची तयारी असेल, तर विभागता येणाऱ्या मागणीतील किमान २५ टक्के पुरवठा सूक्ष्म व लघु उद्योगांना द्यावा लागतो. पात्र उद्योग अनेक असतील तर तो त्यांच्यात वाटला जातो. सर्वांत कमी दर लघु उद्योगाचाच असेल तर ही संधी नसते. म्हणून १०० रुपयांत कापड, मजुरी आणि वाहतूक भागते का, याचा हिशेब निविदा भरण्याआधीच मांडावा.

अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना निविदा भरण्यासाठी आणि प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय एससी-एसटी हबची मदत मिळते. २०१६ पासून सुरू असलेली ही योजना राष्ट्रीय लघु उद्योग महामंडळ राबवते.

माल पोचल्यावर पावतीची तारीख आणि स्वीकृतीचा कागद जपून ठेवावा. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे देणे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते, आणि तक्रार सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन नोंदवता येते.