इंद्रधनुष्याच्या आधीची दीड वर्षं

चिलीतल्या ५ ऑक्टोबर १९८८च्या सार्वमताचा विषय निघाला की इंद्रधनुष्याचं चिन्ह आणि 'आनंद येतोच आहे' हे प्रचारगीत हमखास आठवतं. लष्करी हुकूमशहा पिनोशेला विरोधकांच्या या जाहिरातींनी घरी बसवलं, अशी ती गोष्ट रंगवून सांगतात. माझ्या मते ती अर्धीच आहे.

११ सप्टेंबर १९७३ला पिनोशेच्या नेतृत्वाखाली लष्कराने राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांचं निवडून आलेलं सरकार उलथवलं. पुढच्या वर्षांत तीन हजारांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. मतदार याद्याही नष्ट केल्या गेल्या. १९८०मध्ये पिनोशेने नव्या राज्यघटनेवर कौल घेतला तो यादीविनाच. कोऱ्या मतपत्रिका 'होय'च्या खात्यात जमा! मंजुरी सुमारे ६७ टक्के. त्याच घटनेत मात्र एक कलम होतं: आठ वर्षांनी लष्कराच्या उमेदवारावर पुन्हा कौल घ्यायचा, 'होय' की 'नाही'. १९८८ला तो उमेदवार पिनोशेच होता.

फेब्रुवारी १९८७मध्ये नव्या याद्यांची नोंदणी सुरू झाली. त्यात उतरलो तर या घटनेवर आपणच शिक्का मारू, असा घोळ विरोधकांत बराच काळ चालला. सामान्य माणसाची धास्ती साधी होती: मी कुणाला मत दिलं हे त्यांना कळलं तर? नोकरी जाईल का? आणीबाणीनंतरची १९७७ची निवडणूक ज्यांनी पाहिली, त्यांना ही कुजबुज नव्याने समजावून सांगायला नको. मत गुप्तच राहतं, हे कार्यकर्ते वस्त्यावस्त्यांत जाऊन पुन्हा पुन्हा सांगत राहिले. कंटाळवाणं काम, पण त्याच बळावर सुमारे ७४ लाख लोकांनी नावं नोंदवली.

मग आला टीव्ही. सप्टेंबर १९८८पासून २७ दिवस, दोन्ही बाजूंना रोज पंधरा-पंधरा मिनिटं, तीही बहुतेक रात्री पावणेअकराच्या सुमाराला. 'होय'वाले १९७३च्या आधीच्या रांगा, टंचाई, दंगे दाखवत राहिले: आम्ही गेलो तर हेच परत येईल. 'नाही'वाल्यांच्या एका दृश्यात दुकानात एक म्हातारी पाव मागते, चहाच्या पिशव्या मागते, मग हातातली चिल्लर पाहून एकच पिशवी घेते. पिनोशेचं नाव काढायची गरजच पडली नाही. तरी नाचगाण्यांवर नाराजी होतीच. ज्यांच्या घरातलं माणूस परत आलं नाही, त्यांना हा आनंद कसा पचावा? म्हणून बेपत्ता माणसांच्या बायका जोडीदाराविना जोडीचा 'कुएका' नाच नाचतात, हेही प्रचारात दाखवलं गेलं.

मतदान ९७ टक्क्यांच्या पुढे गेलं. संध्याकाळी सरकारी आकडे 'होय' पुढे असल्याचं सांगत होते, नंतर ते येईनासेच झाले. पण विरोधकांनी केंद्राकेंद्रावरून आकडे जमवून स्वतःची मोजणी उभी केली होती, त्यामुळे ही लपवालपवी टिकली नाही. मध्यरात्रीनंतर हवाई दलप्रमुख मात्थेई राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात शिरता शिरताच पत्रकारांना बोलून गेले, की 'नाही' जिंकल्याचं दिसतंय. निकाल सुमारे ५६ विरुद्ध ४४ टक्के.

ते ४४ टक्केही कमी नव्हते. मार्च १९९०मध्ये पिनोशे राष्ट्राध्यक्षपदावरून उतरला. लष्करप्रमुख मात्र मार्च १९९८पर्यंत तोच होता.