हिडन पार्टिशन

हिडन पार्टिशन म्हणजे हार्ड डिस्कचा किंवा एसएसडीचा असा तुकडा जो डिस्कवर असतो पण 'धिस पीसी' उघडल्यावर दिसत नाही. नाव ऐकून वाटतं काहीतरी गुपित दडवलंय, व्हायरसच असेल, पण बहुतेक वेळा विंडोजने त्याला सी, डी, ई असं अक्षर दिलेलं नसतं एवढंच. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, यातले बरेचसे तिथे निवांत बसलेले दिसतील.

कोऱ्या डिस्कवर विंडोज १० किंवा ११ यूईएफआय मोडमध्ये (म्हणजे जुन्या बायोसऐवजी आजकालच्या बूट पद्धतीने) टाकलं की सी ड्राइव्हसोबत साधारण तीन तुकडे आपोआप तयार होतात. पहिला ईएफआय सिस्टिम पार्टिशन, बहुतेकदा १०० एमबीचा, फॅट३२ या जुन्या, साध्या फाइल सिस्टिममध्ये (फाइली मांडायच्या पद्धतीत) फॉरमॅट केलेला. मदरबोर्डच्या फर्मवेअरला (चिपमधल्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरला) सहसा एनटीएफएस ही विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम वाचता येत नाही, म्हणून विंडोज सुरू करून देणारी फाइल इथे ठेवतात, आणि सी ला बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनचं, कुलूप असलं तरी हा तुकडा उघडाच राहतो कारण कुलूप काढणारा कोणीतरी बाहेर हवा ना. दुसरा एमएसआर (मायक्रोसॉफ्ट रिझर्व्ह्ड, विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवलेला), १६ एमबी, त्यात फाइल सिस्टिमच नसते, हा डिस्क मॅनेजमेंटमध्येही दिसत नाही, डिस्कपार्ट या कमांड टाइप करून चालवायच्या टूलमध्ये 'लिस्ट पार्टिशन' टाइप केलं की सापडतो. तिसरा रिकव्हरी. विंडोज सुरूच होईना की जी निळी दुरुस्तीची स्क्रीन येते ती इथून येते. जानेवारी २०२४ मध्ये केबी५०३४४४१ हे अपडेट आलं, त्याला या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती, ती नसली की अपडेट फेल, आणि एरर असा मोघम की जागा कमी पडतेय हे त्यावरून कळायचंच नाही. मग सी थोडा आकसून रिकव्हरी मोठं करत बसा.

लपवण्याची पद्धत अगदी साधी आहे. एमबीआर या जुन्या पद्धतीने पार्टिशनची नोंद ठेवणाऱ्या डिस्कवर प्रत्येक पार्टिशनच्या नोंदीत प्रकार सांगणारा एक बाइट असतो, एनटीएफएसचा ०७ बदलून १७ केला की विंडोज त्याला अक्षर देत नाही. जीपीटी या नव्या पद्धतीत त्यासाठी वेगळे बिट आहेत. म्हणजे डेटा लॉक वगैरे काही होत नाही, लिनक्सची पेनड्राइव्ह लावून कोणीही वाचेल, तेव्हा घरातले खाजगी फोटो असे 'लपवून' ठेवू नका.

अजून एक गैरसमज, ५०० जीबीची डिस्क घेतली आणि ४६५ च दिसते, म्हणजे बाकीचे ३५ जीबी हिडन पार्टिशनने खाल्ले. नाही हो. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०७ कोटींच्या वर धरतं, फरक तिथला आहे.

काही ब्रँडेड लॅपटॉपमध्ये कंपनीचं स्वतःचं रिकव्हरी पार्टिशनही असतं, बऱ्याच एचपी मशीनमध्ये चालू करताना एफ११ दाबलं की ते उघडतं. हे १०-२० जीबी घेऊ शकतं, पेनड्राइव्हवर रिकव्हरी करून घेतली असेल तर उडवलं तरी चालतं. ईएफआयला मात्र हात लावू नये. डिस्क मॅनेजमेंट तो डिलीट करूच देत नाही, पण डिस्कपार्टमध्ये 'ओव्हरराइड' लावलं की निमूट उडवतं. आमच्या आत्तेभावाने "१०० एमबी फुकट चाललेत" म्हणून हेच केलं, रात्री मशीन मस्त चालू होतं कारण विंडोज आधीच लोड झालेलं, सकाळी चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नाही. डेटा सगळा जागेवर होता, बूटच्या फाइली परत बनवायला विंडोजची बीसीडीबूट ही कमांड चालवावी लागली, त्यासाठी पेनड्राइव्ह शोधण्यातच अर्धा दिवस गेला.